अहिफेन ते मॉर्फिन : वैद्याने रोग्याला सांगावे ते काय?

मराठी लेखनात अफू हा शब्द आता बव्हंशी रूपक म्हणूनच उरला आहे. एखाद्या विचारसरणीला, दूरचित्रवाणीवरील मालिकेला किंवा निवडणुकीतील घोषणेला 'अफूची गोळी' म्हटले की टीका पुरी झाली, असे आपण मानतो. हे रूपक आपल्याकडे रुळले ते मार्क्सच्या धर्मविषयक वाक्यामुळे. मार्क्सने ते वाक्य १८४३-४४ च्या सुमारास लिहिले, तेव्हा युरोपातील सामान्य माणसाच्या हाताशी असलेले सर्वांत खात्रीचे वेदनाशामक अफू हेच होते. त्यामुळे मूळ वाक्यात फसवणुकीइतकाच दुःखशमनाचाही अर्थ आहे. मराठीत येताना फसवणूक तेवढी टिकली आणि औषध गळून पडले.

हे गळणे केवळ साहित्याच्या वर्गात चर्चा करण्यापुरते नाही. दौलताबादच्या किल्ल्याखालील गावातला एखादा कर्करोगी शहरात, घाटीत किंवा शासकीय कर्करोग रुग्णालयात जातो आणि दुखणे हाताबाहेर गेल्यावर त्याला मॉर्फिन लिहून दिले जाते. अशा वेळी डॉक्टरपाशी आणि त्याच्यापाशी मिळून दोनच शब्द असतात. एक 'पेनकिलर', ज्याचे कुणाला भय वाटत नाही. दुसरा 'अफू', ज्याचे फक्त भयच वाटते. औषधातील धोका सांगायचा तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसणाऱ्या भाषेत. ती भाषा आपल्याकडे कधी होती का, आणि असल्यास ती कोण कोणाशी बोलत होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभ नावापासून करू. चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिघांनाही अफू ठाऊक नाही. संस्कृत वैद्यकात ती ठळकपणे दिसते ती तेराव्या-चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरसंहितेत. पचण्याआधीच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्यांना शार्ङ्गधर 'व्यवायी' म्हणतो आणि त्यांचे उदाहरण म्हणून भांगेच्या जोडीला अफूचे नाव घेतो. हाच काळ देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, वैद्यकीय विद्वत्तेचा आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री आपल्याला मोडी लिपी आणि मंदिरांच्या बांधणीमुळे आठवतो. परंतु अष्टांगहृदयावरील 'आयुर्वेदरसायन' ही टीकाही त्याचीच. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा मुलगा. वडिलांच्या 'सिद्धमंत्र' ग्रंथावर त्याने टीका लिहिली. 'संगीतरत्नाकर'कार शार्ङ्गदेवाचे घराणेही काश्मिरातून आलेल्या वैद्याचे. जुने वैद्यक जेथे नव्याने वाचले जात होते, त्या दरबारातील ही मंडळी अशी. या वैद्यकात अफू शिरली ती 'अहिफेन' हे नाव घेऊन. मूळ ग्रीक 'ओपिऑन', म्हणजे चीक; त्यावरून अरबी 'अफ्यून'; आणि त्या ध्वनीला संस्कृत अर्थ चिकटवून 'अहिफेन', सापाचा फेस. व्युत्पत्ती म्हणून हे खोटे आहे. पण इशारा म्हणून पाहिले तर याहून नेमके नाव सुचणे कठीण. वैद्य औषधाचे नाव उच्चारताच धोकाही उच्चारला जात असे.

पुढच्या नावांशी ताडून पाहावे. जर्मनीतील सेर्ट्युर्नरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मुख्य द्रव्य वेगळे काढले आणि स्वप्नांच्या ग्रीक देवावरून त्याचे नामकरण केले. तेच आपले मॉर्फिन. १८९८ मध्ये बायर कंपनीने खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले, त्याचे व्यापारी नाव 'हेरॉइन', वीरपणाची आठवण करून देणारे. सापाकडून स्वप्नाकडे आणि स्वप्नाकडून शौर्याकडे, असा हा नावांचा प्रवास आहे. इशाऱ्याची जागा आश्वासनाने घेतली.

सांगण्याविषयी जुन्या वैद्यकाचे नियम काय होते? चरकाच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात असे येते, की रोग्याचे आयुष्य सरत आल्याचे कळले तरी, ते सांगितल्याने रोग्याला किंवा इतर कुणाला आघात होणार असेल तर सांगू नये. मूतखड्याच्या शस्त्रक्रियेविषयी सुश्रुत अधिक व्यवहारी आहे. शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास संशय. म्हणून स्वामीला विचारून करावी. विचारावे हे मान्य आहे. विचारायचे मात्र स्वामीला, मग तो राजा असो वा घरचा कर्ता. ज्याच्या पोटात खडा आहे तो या संवादात कर्म आहे, कर्ता नव्हे. ही व्याकरणाची गोष्ट पुढे पुन्हापुन्हा आडवी येईल.

अफूविषयी डॉक्टर मोकळेपणाने बोलतो आहे, असे दृश्य या मुलखाच्या संदर्भात आपल्याला भेटते ते १५६३ साली, गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात. गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यास आला, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा वैद्य व स्नेही असा दुहेरी संबंध होता. दौलताबाद तेव्हा निजामशाहीतच होते. ओर्ताचे पुस्तक संवादरूप आहे. रुआनो नावाचा कल्पित पाहुणा विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. मध्येच दासी आत-बाहेर करते. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही एके ठिकाणी डोकावतो. अफूवरील संवादात ओर्ताने निजामशहाच्या एका खुरासानी चिटणिसाची हकीकत सांगितली आहे. हा गृहस्थ रोज तीन तोळे अफू खाई. आजच्या तोळ्याने हे वजन सुमारे ३५ ग्रॅम होते. नवख्याचा जीव त्याच्या अल्पांशानेही जाईल. माणूस विद्वान, लेखणीचा पक्का. सदा पेंगत असे, पण कामाचे विचारले की शहाण्यासारखे बोले.

ओर्ता येथे न्यायनिवाडा करीत नाही, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. चिटणीस वाया गेला असे तो म्हणत नाही आणि अफू निरुपद्रवी आहे असेही म्हणत नाही. ती कामवासना वाढवते, हा लोकसमज तो खोडून काढतो. ती उलट मारक आहे असे सांगतो. ज्यांना सवय झाली त्यांनी ती सोडली तर जिवावर बेतते, हेही तो नोंदवतो. या शेवटच्या वाक्यात आजच्या वैद्यकातील एक मोठा भेद बीजरूपाने आहे. औषध रोज घेतल्याने शरीर त्याला सरावते आणि ते अचानक तोडले की घाम, जुलाब, अंगदुखी, अस्वस्थता सुरू होते. ही एक गोष्ट. औषधासाठी मन झुरते, माणूस खोटे बोलतो, मात्रा चोरून वाढवतो. ही दुसरी. पहिली जवळजवळ प्रत्येकाला होते. दुसरी काहींनाच, पण होते. आपण दोहोंना 'सवय लागली' म्हणतो आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. खरे तर पहिल्या गोष्टीसाठी मराठीत अगदी देहाचाच शब्द तयार आहे: अंगवळणी पडणे. औषध अंगवळणी पडते, व्यसन जडते. परिभाषा कोशांनी 'अवलंबित्व' असा शब्द घडवला. तो चूक नाही, पण तो खाटेजवळ बसून उच्चारता येत नाही.

ओर्ताच्या संवादात एक उणीव आहे, आणि साहित्याचे विद्यार्थी ती लगेच ओळखतील. बोलतात ते दोन वैद्य. चिटणीस बोलत नाही. तो दाखला आहे. आपल्याला पेंगणारा म्हणून इतिहासात जमा करण्यात येत आहे, याची त्याला वार्ताही नव्हती.

रोगी स्वतः बोलतो आहे असे दृश्य हवे असेल तर शंभर वर्षे पुढे, आणि दख्खन सोडून दिल्लीला जावे लागते. तेथे बोलणारा रोगी नसून कैदी आहे. फ्रेंच डॉक्टर बर्निए १६६१ साली औरंगजेबाच्या दरबारात हजर होता. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह याला साखळदंडांत पुढे आणले, तेव्हा त्याने एवढेच मागितले, की मला पोस्त पाजायचे असेल तर आताच मारून टाका. खसखशीची बोंडे चेचून रात्रभर पाण्यात भिजवायची आणि ते पाणी ग्वाल्हेरच्या किल्ल्यातील राजकैद्यांना पहाटे प्यायला लावायचे. ते प्याल्याशिवाय अन्न नाही. हळूहळू शक्ती जाते, बुद्धी जाते, माणूस जातो. असे वर्णन बर्निएने केले आहे. औरंगजेबाने पोस्त देणार नाही असे भर दरबारात वचन दिले. बर्निएच्या सांगण्याप्रमाणे ते पाळले गेले नाही. अफूपासून आपल्याला काय होणार आहे याची पूर्ण माहिती असलेला, आणि त्या माहितीवरून स्पष्ट नकार देणारा हा माणूस. माहिती होती, नकार होता; नकाराला किंमत नव्हती.

मराठी घरांत अफू शिरली ती दरबारातून नव्हे, पाळण्यातून. 'बाळगोळी' हा आपला शब्द एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील इंग्रजी कागदपत्रांत रोमन अक्षरांत भेटतो. आई कामाला गेली की मूल निजून राहावे म्हणून द्यायची ती अफूमिश्रित बारीक गोळी. १८९३ मध्ये नेमलेल्या शाही अफू आयोगाने देशभर साक्षी घेतल्या आणि १८९५ च्या अहवालात अफूबंदीची गरज नाही असा निर्वाळा दिला. सरकारला अफूपासून मिळणारा महसूल पाहता हा निर्वाळा अनपेक्षित म्हणता येणार नाही. १९२० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांतील कामकरी स्त्रियांची पाहणी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी केली. त्यांना या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांत अफू न दिलेले मूल अपवादानेच आढळले. या स्त्रिया कोकणातून आणि देशावरून आलेल्या मराठी बायका होत्या. त्यांना धोका ठाऊक नव्हता असे मानणे हा वरच्या वर्गाचा भाबडेपणा होईल. गोळी जास्त झाली तर मूल उठत नाही, हे चाळीत कोणाला सांगावे लागत नसेल. पण बारा-बारा तास यंत्रापुढे उभी राहणारी बाई ते मूल कोणाच्या स्वाधीन करून जाणार होती? दुसरा मार्ग नसलेल्याला दिलेली माहिती फार तर अपराधी वाटायला लावते.

विसाव्या शतकाच्या मध्यात हा विषय न्यायालयात आला तो पुण्यातून. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' हा खटला विधीच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. मराठीच्या विद्यार्थ्यांनीही तो वाचावा असे आम्ही सुचवू. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी गोडबोल्यांच्या सुमारे वीस वर्षांच्या मुलाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात तात्पुरते उपचार करून त्याला मोटारीने सुमारे दोनशे मैलांवर पुण्याला आणले. ९ मे रोजी तो शल्यविशारदाच्या रुग्णालयात दाखल झाला. मॉर्फियाची दोन इंजेक्शने तासाच्या अंतराने द्यावीत असे सहायकाला सांगण्यात आले. त्याने एकच दिले. मग शस्त्रक्रियागृहात तासाभराहून थोडा अधिक वेळ, पायाला प्लास्टर, आणि साडेपाचच्या सुमारास मुलगा खोलीत परत. मॉर्फियाचा अंमल सात वाजेपर्यंत उतरेल असे आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला जायला निघाले. आई खोलीत थांबली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेणे जड जात आहे, खोकला येत आहे, हे तिच्या ध्यानात आले. रात्री नऊला तो गेला.

न्यायालयांनी मृत्यूचे खापर मॉर्फियावर फोडले नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. पूर्ण भूल न देता, मॉर्फियाच्या एका इंजेक्शनावर भिस्त ठेवून, अति जोर लावून हाड बसवले आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला, असा निष्कर्ष निघाला. मूळ न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने मे १९६८ मध्ये अपील फेटाळले. मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी.

आम्ही हा निकाल वाचतो तो त्या सात वाजेपर्यंतच्या अंमलासाठी. औषधाविषयी कुटुंबाला काही सांगितले गेल्याचा जो उल्लेख निकालात आहे, तो हा. त्यात वेळ आहे, दिलासा आहे. अंमल उतरण्याआधी कशाकडे लक्ष ठेवायचे, श्वास कसा मोजायचा, गुंगी कुठवर ठीक आणि कुठून पुढे धोक्याची, हे त्यात नाही. आणि ते कोणी मागितलेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रोगी स्वीकारावा की नाही हे ठरवताना दक्षता, कोणता उपचार करावा हे ठरवताना दक्षता, आणि तो उपचार करताना दक्षता. सांगणे हे चौथे कर्तव्य त्या यादीत नाही. आईला जे दिसले ते तिच्या डोळ्यांनी दिसले. कुणी सांगून ठेवल्यामुळे नव्हे.

चौथे कर्तव्य स्पष्ट शब्दांत यायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उपचाराचे स्वरूप व हेतू, फायदे, मोठे धोके, पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रोग्याला कळले पाहिजेत. दूरच्या, क्वचित घडणाऱ्या धोक्यांची जंत्री मात्र देण्याची सक्ती नाही. अमेरिकी कसोटी जशीच्या तशी न घेता न्यायालयाने इथली परिस्थिती पाहून मधली वाट धरली. तत्पूर्वी २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत रोगाचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमीही करू नये, असे कलम होते. परंतु माहिती कोणाला, तर रोग्याला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना. आणि किती, तर रोग्याच्या व कुटुंबाच्या हिताची असेल तेवढी. सुश्रुताचा स्वामी येथे नातेवाईक होऊन परत आला आहे.

दरम्यान औषधच दुर्मीळ झाले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले, की रुग्णालये व औषधांची दुकाने मॉर्फिन ठेवायलाच कचरू लागली. अफूचे पीक कायदेशीरपणे घेऊन ती औषधासाठी जगाला पुरवणारा हा देश आपल्या कर्करोग्यांना मात्र ती देऊ शकत नव्हता. वांद्र्याला १९८६ मध्ये 'शांति अवेदना' हा देशातील पहिला मरणासन्न-सेवाश्रम उभा राहिला तो याच काळात. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह काही द्रव्ये 'अत्यावश्यक' ठरली आणि परवाना एकखिडकी झाला. उलट ट्रॅमाडॉल हे सैल हाताने लिहिले जाणारे वेदनाशामक २०१८ मध्ये याच कायद्याखाली आणावे लागले. म्हणजे जेथे भीती होती तेथे ती कमी करणे, आणि जेथे भीती नव्हती तेथे ती निर्माण करणे, अशी दोन्ही कामे एकाच कायद्याला करावी लागली.

भीती नसण्याचे फळ अमेरिकेने भोगले. तेथील एका वैद्यकीय नियतकालिकात १९८० साली पाच वाक्यांचे एक पत्र छापले गेले: रुग्णालयात अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रोग्यांत व्यसन जडल्याची नोंद फक्त चौघांची. हे रुग्णालयात, देखरेखीखाली, घेतलेल्या औषधाविषयी होते. पुढे शेकडो लेखांत हे पत्र संदर्भ म्हणून येत राहिले आणि महिनोन्‌महिने घरी घ्यायच्या गोळ्यांनाही व्यसनाचा धोका नगण्य, असा त्याचा अर्थ लावला गेला. १९९६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिनच्या विक्रीला असाच दिलासा कामी आला. तिच्या उत्पादक कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. मूळ मजकूर न वाचता तळटीप उचलण्याची खोड आम्ही प्रबंध तपासताना रोज पाहतो. तिने माणसे मरतात, हे मात्र आम्हाला या प्रकरणाने शिकवले.

आता आपल्याकडचे संमतीपत्र पाहावे. 'मला माझ्या भाषेत सर्व धोके समजावून सांगण्यात आले असून ते मला समजले आहेत', अशा धाटणीचे वाक्य त्यात असते. सांगितले कोणी? कर्मणी प्रयोगाने त्याला झाकून ठेवले आहे. धोके कोणते? 'सर्व'. हे वाक्य रोग्याने बोललेले दिसते, पण ते दुसऱ्या कोणीतरी त्याच्या तोंडी घातले आहे. नाटकाच्या तासाला याला स्वगत म्हणता येणार नाही.

त्याऐवजी काय बोलता येईल? डॉक्टर नसूनही, भाषेची माणसे म्हणून, एक मसुदा करून पाहतो. 'मावशी, ही गोळी अफूपासूनच काढलेली आहे, लपवत नाही. दुखणे सोसवेल इतके कमी होईल. पहिले दोन-चार दिवस पेंग येईल, मळमळेल, ते उतरते. शौचाला मात्र घट्ट होत राहील, म्हणून सोबतचे पोटाचे औषध रोज घ्यायचे. ठरलेल्या वेळी घ्या, मनाने वाढवू नका, झोपेच्या गोळ्या किंवा दारू हिच्यासोबत नको. हाक मारून जाग येत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, तर सुनबाई, थांबायचे नाही, लगेच घेऊन यायचे. डबा पोरांच्या हाती लागू देऊ नका. महिनाभरात औषध अंगवळणी पडेल. ते व्यसन नव्हे. पण व्यसन कुणाकुणाला लागते, म्हणून आम्ही दर खेपेला विचारणार, रागवायचे नाही.'

हे बोलायला दोन मिनिटे लागतात. मावशी त्यावर बहुधा एकच विचारील, 'आणि मधेच बंद केली तर?' ओर्ताने या प्रश्नाचे उत्तर १५६३ मध्ये दिले आहे. त्याच्या पुस्तकात विचारणारा रुआनो स्वस्थ बसलेला पाहुणा होता. मावशीच्या मागे बाह्यरुग्ण विभागाची रांग व्हरांड्यापर्यंत गेलेली असते, आणि केसपेपर हातात घेतलेला पुढचा माणूस तोवर दारात आलेला असतो.